मोजपट्टी कुणाच्या हातात?



गेल्या सुट्टीत गोदीतनं घोटीला घरी गेलो, तर वस्तीत जयंतीची बैठक चालू. वर्गणी किती, डीजे की गायनपार्टी, यावर नेहमीची डोकेफोड झाली. मग मागनं एक पोरगा उठला नि म्हणाला, यंदा पोरींची सौंदर्यस्पर्धा घेऊ. मुकुट, पट्टा, सगळं. बैठक चिडीचूप. दोन-तीन म्हातारे धोतर झटकून उठून गेले. पोरांनी टाळ्या पिटल्या. पोरी भिंतीला टेकून बसल्या होत्या, त्यांना कुणी विचारलंच नाही. मला विचारलं, तर तिथं धड बोलता आलं नाही. म्हणून संपादकीयाची जागा यात घालवतोय.

हा मुकुट आला कुठून? १९२१ साली अमेरिकेत, अटलांटिक सिटी नावाच्या समुद्रकाठच्या गावात. हॉटेलवाल्यांचा सीझन संपत आलेला. गिऱ्हाईक आणखी चार दिवस टिकावं म्हणून त्यांनी पोरी ओळीत उभ्या केल्या. ही मिस अमेरिका. पुढं तिच्या नियमांत सातवं कलम आलं, बाई गोऱ्या वंशाचीच पाहिजे. १९५१ ची मिस अमेरिका पोहण्याच्या कपड्यात मिरवायला नाही म्हणाली, तेव्हा ते कपडे विकणाऱ्या कंपनीनं चिडून १९५२ मध्ये स्वतःची मिस युनिव्हर्स काढली. म्हणजे विश्वसुंदरीचं बाळंतपण झालं कपड्याच्या दुकानात!

आपल्याकडं १९४७. देशाला स्वातंत्र्य मिळालं त्याच वर्षी मिस इंडियाही मिळाली. प्रमिला. खरं नाव एस्थर व्हिक्टोरिया अब्राहम, कलकत्त्याची बगदादी ज्यू. नाटक कंपनीत सिनेमाची रीळ बदलेपर्यंत मधल्या वेळात नाचायची. मग नटी झाली, मग स्वतः सिनेमे काढले. नावाला 'मिस', पण लग्न झालेली, पोरंबाळं असलेली. पाकिस्तानसाठी हेरगिरी करते या संशयावरून तिला अटकही झाली. संशय खोटा निघाला. तिची मुलगी नकी जहाँ १९६७ ची मिस इंडिया. मला ही बाई आवडते, हे कबूल करून टाकतो.

आता यादी वाचा. १९५२ मध्ये पहिल्याच मिस युनिव्हर्सला गेली इंद्राणी रहमान, आई अमेरिकन. १९५४ ची लीला नायडू, आई युरोपातली. १९५९ मध्ये 'फेमिना' निघालं, १९६४ पासून त्याची स्पर्धा. पहिली मेहेर मिस्त्री, पारशी. १९६५ ची पर्सिस खंबाटा, पारशी. १९६६ ची, पण 'फेमिना'च्या स्पर्धेतली नव्हे, रीटा फारिया, मुंबईत वाढलेली गोव्याची ख्रिश्चन. ही जे. जे.मध्ये डॉक्टरी शिकत होती. उसने कपडे घेऊन लंडनला गेली नि मिस वर्ल्ड होऊन आली, आशियातली पहिली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात तिला व्हिएतनाममध्ये अमेरिकन सैनिकांपुढं उभं केलं. मुकुटाचं भाडं असं वसूल होतं. पण तिनं सिनेमा नाकारला नि डॉक्टरच झाली. सलाम.

ज्यू, पारशी, ख्रिश्चन, परदेशी आईच्या लेकी. सनातनी हिंदू घरं कुठं होती? उंबऱ्याच्या आत. सिनेमाचंही तेच. घोटीहून रस्ता जातो त्या त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या फाळक्यांना १९१३ साली तारामतीसाठी बाई मिळेना, शेवटी हॉटेलातल्या अण्णा साळुंक्यांना लुगडं नेसवलं. घरच्या लेकीसुना झाकून ठेवायच्या आणि दुसऱ्याच्या बघायच्या, ही यांची संस्कृती.

कारण बघायला बाया होत्याच की. तमाशाच्या बोर्डावर होत्या. संगमनेरच्या हिवरगावची पवळा, महाराची लेक, पठ्ठे बापूरावांच्या फडात उभी राहिली नि महाराष्ट्र वेडा झाला. तिला कुणी मुकुट घातला नाही. तिचं रूप चालायचं, हातचं पाणी चालायचं नाही. बाबासाहेबांनी त्या तमाशाचे पैसे चळवळीसाठी घेतले नाहीत. आमच्या बाया नाचवून आलेला पैसा नको, एवढं साधं कारण.

आणि डिसेंबर १९२७, महाड. मनुस्मृती जाळून झाल्यावर बाबासाहेब बायांशी बोलले. बोलले कशावर? लुगड्यावर. गावोगाव दंडक होता, आमच्या बाईनं लुगडं घोट्यापर्यंत नेसायचं नाही. अंगावर सोनं नाही, हातात कोपरापर्यंत चांदी-कथलाची ओझी. ते टाका, लुगडं खाली सोडा, असं त्यांनी सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी बाया तशा नेसून आल्या. जगात पाय उघडे टाकणं म्हणजे पुढारलेपण ठरत होतं, तेव्हा आमच्या आज्यांनी पाय झाकून बंड केलं. दोन्हीकडं मोजपट्टी दुसऱ्याच्या हातात. आज्यांनी ती हिसकावून घेतली.

म्हणून म्हणतो, स्पर्धा नको. पण म्हातारे उठून गेले त्या कारणानं नको म्हणत नाही. १९९६ साली बंगळूरला मिस वर्ल्ड झाली, तेव्हा स्त्री संघटना रस्त्यावर होत्या आणि संस्कृतीचे ठेकेदारही. त्या ठेकेदारांच्या शेजारी मला उभं राहायचं नाही. पोरीनं नटू नये, असं मी कोण सांगणार?

काळ्या भावंडांचं उदाहरण कुणी देईल. खरं आहे. ७ सप्टेंबर १९६८ ला अटलांटिक सिटीत मिस अमेरिकेविरुद्ध बायांनी निदर्शनं केली आणि त्याच दिवशी त्याच गावात काळ्यांनी मिस ब्लॅक अमेरिका भरवली. साँड्रा विल्यम्स जिंकली. आपलं काळं रूप चारचौघांत सुंदर म्हणून दाखवणं ही तिथं लढाई होती. पण आपली पोरं कुठल्या रूपाला मुकुट घालणार होती? १९७५ मध्ये बाजारात आलेल्या 'फेअर अँड लव्हली'चं नाव २०२० मध्ये बदललं. घोटीच्या दुकानात माळेसारख्या लटकणाऱ्या पुड्या तशाच आहेत. उन्हात आवणी करून आलेली पोरगी रात्री तोंडाला तेच फासते. आमच्या घरातही फासतात.

दुसऱ्या दिवशी भिंतीला टेकून बसलेल्यांतली एक स्टँडवर भेटली. नर्सिंगला जाते. म्हणाली, "दादा, परीक्षक कोण बसणार होतं?" मी नावं सांगितली. दोन वर्गणीदार, एक कंत्राटदार, एक पुढारी. ती खूप हसली.

"मग पुढच्या बैठकीला आम्ही पुढं बसतो," म्हणाली.

बैठक रविवारी आहे. मला गोदीत पाळी आहे.