विश्लेषण : स्विचमधील जागा संपते, तेव्हा आवाज का तुटतो?

रुग्णालय असो, बँक असो वा महाविद्यालय. दूरध्वनी, व्हिडीओ बैठका, कॅमेऱ्यांचे चित्रण आणि फाइलींचा बॅकअप हे सारे आता एकाच नेटवर्कवरून धावते. गर्दी झाली की आवाजाला आधी वाट द्यायची आणि बॅकअपने थांबायचे, असे नियम स्विचला घालून दिले जातात. यालाच ‘क्वालिटी ऑफ सर्व्हिस’ किंवा क्यूओएस म्हणतात. कागदावर असे नियम हवे तितके लिहिता येतात. स्विचमध्ये मात्र त्यांच्यासाठी मोजकीच जागा असते. ही मर्यादा लक्षात न घेता आखलेले धोरण ऐन गर्दीत निकामी ठरू शकते.

नियम कुठे साठवले जातात?

साध्या मेमरीला पत्ता दिला की ती तिथला मजकूर देते. स्विचमधील ‘टीकॅम’ ही खास मेमरी याच्या उलट चालते. तिला मजकूर दिला की तो कोणत्या ओळीशी जुळतो हे ती सांगते आणि त्यासाठी सगळ्या ओळी एकाच वेळी तपासते. तिच्या प्रत्येक कप्प्यात ०, १ किंवा ‘काहीही चालेल’ यांपैकी एक नोंद असते. सेकंदाला कोट्यवधी पॅकेट हाताळायची तर ही गती हवीच. पण अशी मेमरी चिपवर जागा अडवते, वीज खाते, तापते आणि महाग पडते. त्यामुळे एरवी दमदार असलेल्या स्विचमध्येही क्यूओएसच्या वाट्याला अनेकदा काही शे ते काही हजार ओळीच येतात. त्याच मेमरीत सुरक्षेचे नियमही बसवायचे असतात. एकाचा वाटा वाढवला की दुसऱ्याचा घटतो आणि अनेक स्विचवर ही फेरवाटणी लागू होण्यासाठी उपकरण बंद करून पुन्हा सुरू करावे लागते.

एक नियम किती जागा खातो?

खरी मेख इथेच आहे. धोरणातली एक ओळ म्हणजे मेमरीतली एक ओळ असे नसते. २० विभागांचे पत्ते आणि ५ सेवा यांची सांगड घातली की १०० ओळी होतात. आवाजाच्या पॅकेटांसाठी १६३८४ ते ३२७६७ हे पोर्ट क्रमांक अनेक ठिकाणी वापरले जातात. द्विमान पद्धतीत ही मर्यादा नेमकी जुळते, म्हणून ती एका ओळीत मावते. शेवटचा एक क्रमांक वगळून ३२७६६ लिहिले, तर त्याच नियमाला १४ ओळी लागतात. १६ अंकी पोर्ट क्रमांकाची एखादी मर्यादा ३० ओळींपर्यंतही जाते. काही चिपमध्ये हा फुगवटा कमी करण्याची सोय असते, पण तीही मर्यादितच. आयपीव्ही ६ चे पत्ते लांब असल्याने त्यांच्या नियमांना अनेक स्विचवर दुप्पट जागा लागते. काही स्विचवर तर प्रत्येक पोर्टची स्वतंत्र आकडेवारी हवी असेल, तर त्याच धोरणाची प्रत पोर्टागणिक साठवावी लागते. आकडेवारीचा हट्ट सोडला की एकच प्रत सर्वांना पुरते.

जागा संपली की काय होते?

काही स्विच आज्ञाच नाकारतात. ते बरे, कारण चूक लगेच कळते. काही स्विच मात्र लॉगमध्ये एक संदेश नोंदवून काम पुढे चालू ठेवतात. नियम कागदावर दिसतो, पण चिपमध्ये उतरलेला नसतो. पॅकेट जातात, फक्त साध्या रांगेतून. नेटवर्क रिकामे असताना फरक जाणवत नाही. गर्दी झाली की डॉक्टरांचा दूरस्थ सल्ला तुटू लागतो आणि दोष दूरध्वनी यंत्रणेवर जातो.

टीकॅमच्या वाटणीने जगाला एकदा मोठा धडा दिला आहे, तोही क्यूओएसच्या नव्हे तर मार्गांच्या यादीमुळे. १२ ऑगस्ट २०१४ रोजी इंटरनेटवरील मार्गांची संख्या काही काळ सुमारे ५ लाख १२ हजारांपलीकडे गेली. सिस्कोच्या कॅटॅलिस्ट ६५०० मालिकेतील काही उपकरणांत आयपीव्ही ४ साठी मुळात तेवढाच वाटा राखलेला होता. ठिकठिकाणी सेवा विस्कळीत झाली. कंपनीने काही महिने आधीच सावध केले होते आणि आयपीव्ही ६ चा वाटा कमी करून जागा वाढवण्याचा मार्गही उपलब्ध होता. अनेकांनी तो वेळेत वापरला नाही.

मोठा स्विच घेणे हाच उपाय?

जागा संपली की नवे उपकरण मागवण्याचा कल असतो. तो खर्चीक आहे आणि बहुतेकदा अनावश्यकही. साधारणपणे स्विचच्या एका पोर्टला ४ किंवा ८ रांगाच असतात. अखेर ८ रांगांतच वाटणी व्हायची असेल, तर शेकडो ओळींचे धोरण म्हणजे काटेकोरपणा नव्हे, निव्वळ साठवण आहे. पॅकेटच्या माथ्यावर प्राधान्याची खूण करण्यासाठी ६ बिट, म्हणजे ६४ खुणांची सोय १९९८ पासून प्रमाणित आहे. पॅकेट नेटवर्कमध्ये शिरते तिथे एकदाच पारखून खूण करावी आणि पुढच्या स्विचने फक्त ती खूण वाचावी, हा मार्ग अधिक शहाणपणाचा. खूण वाचायला मोजक्याच ओळी पुरतात.

यावर आक्षेप रास्त आहे. खुणेवर विश्वास ठेवला तर कुणीही आपल्या बॅकअपवर आवाजाची खूण लावेल. म्हणूनच प्रवेशाच्या टोकाला पारख सोडता येत नाही आणि आवाजाच्या रांगेला वेगाची मर्यादाही हवी. टोकाच्या लहान स्विचमध्ये जागा सर्वात कमी असते. तेव्हा तिथली यादी छोटी ठेवणे भागच आहे.

खरेदी करताना काय विचारावे?

निविदांत पोर्ट किती आणि वेग किती, हे ठळकपणे मागितले जाते. क्यूओएससाठी टीकॅमच्या किती ओळी, आयपीव्ही ६ चालू केल्यावर त्यांतल्या किती उरतात, वाटणी बदलताना सेवा बंद पडते का आणि जागा संपल्यावर स्विच आज्ञा नाकारतो की गप्प राहतो, हेही लेखी मागायला हवे. नवा नियम घालण्याआधी शिल्लक ओळी पाहणे आणि घातल्यावर तो चिपमध्ये उतरला का हे तपासणे, ही रोजच्या कामाची शिस्त व्हावी. कोणता जुना नियम काढायचा, हा प्रश्न नवा नियम मागणाऱ्या विभागालाच विचारला, तर बऱ्याच याद्या आपोआप आखूड होतील.