न विचारता घेतलेले दान

दरवर्षी ३ ऑगस्टला आपल्याकडे अवयवदान दिन साजरा होतो. रुग्णालयांत फलक लागतात, महाविद्यालयीन मुलांच्या फेऱ्या निघतात, काही मंडळी उत्साहाने प्रतिज्ञापत्रे भरतात. मग कुणीतरी आकडे समोर ठेवतो आणि उत्साह ओसरतो. २०२३ साली देशात १८ हजारांहून अधिक प्रत्यारोपणे झाली. पण मृत्यूनंतर अवयव देणारे होते जेमतेम अकराशे. १४० कोटींच्या देशात दहा लाखांमागे एकही नाही! स्पेनमध्ये हेच प्रमाण पन्नासच्या घरात आहे. आपल्याकडे बहुतेक मूत्रपिंडे आणि यकृते जिवंत माणसेच देतात. त्यांत आया, बायका आणि बहिणी अधिक. घेणाऱ्यांत मात्र पुरुष अधिक.

हे आकडे पाहिले की एक सूचना हमखास पुढे येते. प्रत्येक नागरिकाची संमती कायद्यानेच गृहीत धरा. ज्याला अवयव द्यायचे नसतील त्याने तसे नोंदवावे. आजची आपली पद्धत याच्या उलट आहे. १९९४ चा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा महाराष्ट्रात आणि गोव्यात १९९५ पासून लागू आहे. त्यानुसार इच्छा ज्याची त्याने लिहून ठेवायची. आणि वेळ येते तेव्हा जवळच्या नातेवाइकांना विचारले जाते. त्यांनी नाही म्हटले, तर खिशात कार्ड असूनही डॉक्टर सहसा पुढे जात नाहीत.

गृहीत संमतीच्या सूचनेमागची तळमळ खोटी नाही. आठवड्यातून दोन-तीनदा चार-चार तास डायलिसिसच्या यंत्राला जोडून घेणाऱ्या माणसाला तत्त्वचर्चा ऐकवण्याचा धीर मला होणार नाही. शिवाय माणूस आळशी असतो, हेही खरे. मनात हो असलेले कितीतरी लोक अर्ज भरायचा राहून गेला म्हणून देत नाहीत.

या आळसाची मला चांगली ओळख आहे. बँकेत उभी नोकरी केली. खाते उघडण्याच्या अर्जात वारसाचे नाव नेमण्याचा एक रकाना असे. 'राहू द्या हो साहेब, नंतर बघू,' असे म्हणून लोक तो कोरा ठेवीत. कुणाच्या नावाला विरोध नसे. पण भर दुपारी काउंटरशी उभे राहून स्वतःच्या मरणाचा विचार नको वाटे. माझा एक सहकारी मात्र समोरची खुर्ची पुढे ओढून खातेदाराला बसवी आणि विचारी, 'वहिनींचे नाव घालू ना?' त्याच्याकडचे अर्ज क्वचितच कोरे राहत. आता, कोऱ्या रकान्याचा अर्थ आम्ही 'पैसे बँकेनेच ठेवून घ्यावेत' असा लावला असता, तर? गावाने शाखेला कुलूप ठोकले असते. रकाना कोरा आहे याचा अर्थ इतकाच, की त्या माणसाला नीट विचारायचे अजून बाकी आहे.

स्पेनचा अनुभव नेमका हेच सांगतो. तिथे गृहीत संमतीचा कायदा १९७९ पासून आहे. पण दात्यांची संख्या सातत्याने वाढू लागली ती १९८९ मध्ये राष्ट्रीय प्रत्यारोपण संघटना स्थापन झाल्यावर. रुग्णालयारुग्णालयांत प्रशिक्षित समन्वयक नेमले गेले, बरेचसे अतिदक्षता विभागातले डॉक्टरच. आणि कायदा काहीही म्हणो, कुटुंबाला आजही विचारतातच. त्या संघटनेचे संस्थापक राफाएल मातेसान्झ यांनी यशाचे श्रेय कायद्याला कधीच दिले नाही. इंग्लंडने २०२० मध्ये गृहीत संमती आणली. त्यानंतर कुटुंबांच्या होकाराचे प्रमाण वाढायचे सोडून खालीच आले. कोविडचा काळ मध्ये आला हे मान्य, पण कायद्याने जादू केली नाही हेही खरे. ब्राझीलने तर १९९७ मध्ये असा कायदा केला आणि लोकांचा अविश्वास पाहून पुढच्याच वर्षी मागे घेतला.

आपल्याकडे हा अविश्वास किती खोल आहे, हे सांगायला हवे का? मूत्रपिंडांच्या बाजाराच्या बातम्या वर्षाआड येतात. व्हेंटिलेटरवर ठेवून बिल वाढवतात, असे लोक म्हणतात; आणि 'मेंदू मृत झाला' असे ऐकले की तेच लोक घाई कसली म्हणून विचारतात. छाती वरखाली होताना दिसते, अंग उबदार लागते. त्या माणसाला मृत मानायचे कसे? अशा वेळी 'तुम्हाला विचारण्याची गरज नाही' असे सांगणारा कायदा आगीत तेल ओतील.

त्याहून मोठा प्रश्न न्यायाचा. नकार कोण नोंदवील? ज्याला कायदा ठाऊक आहे, ज्याला अर्ज भरता येतो तो. अपघातात सापडलेल्या ऊसतोड कामगाराला असा काही कायदा आहे याचाच पत्ता नसेल. त्याची संमती मात्र गृहीत. आणि प्रत्यारोपणाचा लाखांचा खर्च कुणाला परवडतो, हे आपण जाणतोच. ज्यांच्याकडून घ्यायचे त्यांनाच घेणाऱ्यांच्या रांगेत जागा नसेल, तर त्याला दान कसे म्हणावे? दधीची ऋषींचे उदाहरण अवयवदानाच्या प्रत्येक भाषणात येते. वज्रासाठी त्यांच्या अस्थी हव्या होत्या, तेव्हा देव त्यांच्या आश्रमात गेले आणि त्यांनी मागितल्या, हे मात्र कुणी सांगत नाही.

तेव्हा विचारण्याची व्यवस्था सुधारावी, असे माझे मत आहे. २०११ च्या दुरुस्तीने अतिदक्षता विभागातल्या डॉक्टरांवर नातेवाइकांशी बोलण्याची जबाबदारी टाकलेलीच आहे. मेंदूमृत्यू ठरवायला चार डॉक्टरांचे मंडळ आणि किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी, अशी कडक पद्धतही आहे. ती नातेवाइकांना त्यांच्या भाषेत, बसवून, समजावून सांगणारा माणूस हवा. तामिळनाडूने २०२३ पासून अवयवदात्यांचे अंत्यसंस्कार शासकीय इतमामात करायला सुरुवात केली. त्यातून कुटुंबाला जे सांगितले जाते, ते दंडाच्या धाकाने सांगता येत नाही.

उरते ते आपले घर. त्या रात्री कागदावर सही करायची असते ती मुलाला, सुनेला, बायकोला. आणि 'त्यांना काय वाटत होते?' या प्रश्नाचे उत्तर ठाऊक नसले, की दुःखातला माणूस साहजिकच नाही म्हणतो. मी माझे उत्तर घरच्यांना सांगून ठेवले आहे. ते 'हो' असे आहे. तुमचे 'नाही' असेल तर तेही सांगून ठेवा. आज रविवार, घरातले सगळे जेवायला एकत्र असतील. विषय अभद्र आहे असे आजी म्हणतील. त्यांनाच आधी विचारा.