उतरवणं म्हणजे लिहिणं नव्हे

पहिली-दुसरीत लेखन म्हणजे फळ्यावरचं वहीत उतरवणं, असं आपण धरून चाललो आहोत. २०२१ साली सुरू झालेल्या 'निपुण भारत' अभियानाचं उद्दिष्ट आहे की २०२६-२७ पर्यंत तिसरी संपताना प्रत्येक मुलाला समजून वाचता-लिहिता यावं. नुसतं उतरवून ही समज येत नाही.

खडकवासल्याच्या मुलांना मी धरणाजवळच्या चौपाटीवरल्या गाडीची पाटी लिहायला सांगते. काय विकाल? केवढ्याला? कुणी 'कणीस' लिहितं, कुणी 'भुट्टा'. दोन्ही चालतं. दुसरा खेळ नावाचा. कागदाच्या उजवीकडून उर्दूत, डावीकडून मराठीत आपलं नाव लिहायचं. दोन्ही नावं मधोमध भेटली की वर्गात हशा पिकतो.

घरी दखनी बोलणाऱ्या मुलाला आपण लगेच 'मराठीत कच्चा' ठरवतो. त्याच्या पहिल्याच वाक्यावर लाल शाई फिरली, की पुढच्या वेळी तो शेजाऱ्याच्या वहीत डोकावतो. ऱ्हस्व-दीर्घ पुढे सुधारता येतं, मोडलेली हौस सहज परत येत नाही.

पालकहो, वही हातात घेतल्यावर आधी एवढंच म्हणा, "काय लिहिलंस, वाचून दाखव बरं." अक्षराचं नंतर पाहू.