हिरकणीच्या हाती पंप

बाळाची झबली-दुपटी मोबाइलवर एकदा शोधली, की पुढे कित्येक दिवस एक जाहिरात पाठ सोडत नाही. नीटनेटक्या कपड्यांतली तरुण आई लॅपटॉपवर काम करते आहे, तिच्या ब्रामध्ये वाटीच्या आकाराचे दोन पंप बसवलेले आहेत. वायर नाही, आवाज नाही, आणि मीटिंग संपेपर्यंत बाळाचे दूध तयार. हाताने दाबायचा साधा पंप काही शे रुपयांत मिळतो. हे अंगावर घालायचे पंप मात्र काही हजारांपासून सुरू होतात, आणि आयात केलेल्या मॉडेलची किंमत चांगल्या मोबाइलइतकी जाते. बाळंतपणाच्या खरेदीच्या यादीत पाळण्याच्या खालोखाल आता पंप येऊ लागला आहे. साहजिकच विचारणा होते ती ‘कोणता घेऊ?’ अशी.

या प्रश्नाचे उत्तर आहे, पण त्याआधी हा प्रश्न कुठून आला ते पाहायला हवे. पंपाची गरज बहुतेक वेळा शरीरातून नव्हे, तर घड्याळातून निर्माण होते.

रजेचा हिशेब करून बघा. २०१७ मध्ये मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली आणि पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली. सामाजिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद कायम आहे. बाळाला सहा महिने निव्वळ आईचे दूध द्यावे, पाणीसुद्धा नको, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. सहा महिने म्हणजेही २६ आठवडेच, त्यामुळे कागदावर दोन्ही आकडे चपखल जुळतात. पण या रजेतले आठ आठवड्यांपर्यंतचे दिवस प्रसूतीआधी घेता येतात, आणि वाढलेला रक्तदाब, सुजलेले पाय, लोकलची गर्दी यांमुळे अनेकींना ते घ्यावेच लागतात. आठही आठवडे आधी गेले, तर बाळ जेमतेम चार महिन्यांचे असताना आई कामावर हजर होते. दोन मुले असताना तिसऱ्या वेळी तर रजाच १२ आठवड्यांची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाहणीत देशातली सहा महिन्यांखालची ६३.७ टक्के बाळे निव्वळ स्तनपानावर होती. उरलेल्यांच्या मागे कारणे अनेक आहेत, पण आईचे कामावर जाणे हे त्यांतले एक ठळक कारण आहे.

कायद्याने यावर उपाय दिला आहे, फक्त तो पंपाचा नाही. ५० किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघर हवे, आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता यायला हवे, आणि बाळ १५ महिन्यांचे होईपर्यंत पाजण्यासाठी दोन जादा सुट्ट्या मिळायला हव्यात. यामागची कल्पना अशी की बाळ हाकेच्या अंतरावर असेल आणि आई जाऊन त्याला अंगावर पाजेल. बाळ विरारला आजीकडे आणि आई लोअर परळला, या वास्तवाला त्यात जागा नाही. दूध काढून ठेवण्यासाठी वेळ, आडोसा किंवा फ्रिजचा एक कप्पा, यांबद्दल कायदा अक्षरही काढत नाही.

अमेरिकेत नेमके उलट घडले. तिथे केंद्रीय कायद्याने पगारी बाळंतपणाची रजाच नाही. मिळते ती १२ आठवड्यांची बिनपगारी, तीही सगळ्यांना नाही. त्याऐवजी २०१० च्या आरोग्य कायद्याने विमा कंपन्यांना पंपाचा खर्च उचलायला लावला. कामाच्या ठिकाणी दूध काढायला वेळ आणि स्वच्छतागृह नसलेली खासगी जागा देणे मालकावर बंधनकारक केले, आणि २०२२ मध्ये ते संरक्षण आणखी बऱ्याच नोकरदार स्त्रियांपर्यंत पोहोचवले. म्हणजे रजेच्या बदल्यात यंत्र. न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी मुलीच्या घरी पंप विम्यातून येतो. तिचे ऐकून पुण्यातली बहीण तोच पंप स्वतःच्या पैशाने मागवते. खोक्यातून यंत्र येते, पण त्यामागचा वेळेचा आणि खोलीचा हक्क येत नाही. मग ऑफिसच्या स्वच्छतागृहात, कमोडच्या झाकणावर बसून, दारावर कुणी थाप मारेल या धास्तीने दूध काढले जाते. अशा वेळी पान्हा फुटत नाही, हे सांगायला विज्ञानाची गरज नाही. विज्ञानही तेच सांगते: दूध बाहेर ढकलणारे ऑक्सिटोसिन भीती आणि ताणामुळे रोखले जाते.

आपल्याकडे एसटी स्थानकांत आणि सरकारी कार्यालयांत हिरकणी कक्ष आहेत. नाव उत्तम निवडले आहे. तान्ह्यासाठी रायगडाचा कडा उतरून गेलेली गवळण आपल्या प्रत्येकाला माहीत आहे. पण नाव दिल्याने खोली वापरण्याजोगी होत नाही. २०२३ च्या अर्थसंकल्पी अधिवेशनात आमदार सरोज अहिरे तान्ह्या बाळाला घेऊन विधान भवनात आल्या, तेव्हा तिथल्या हिरकणी कक्षात धूळ होती आणि सोयी नव्हत्या. आमदाराने आवाज उठवल्यावर कक्ष तातडीने नीट झाला. डेपोतल्या कंडक्टरबाईंना ती सोय नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सार्वजनिक ठिकाणी स्तनपानाच्या आणि बालसंगोपनाच्या खोल्या असाव्यात, असे राज्यांना कळवण्यास केंद्राला सांगितले. या खोल्यांत बाळ पाजण्याबरोबरच दूध काढण्यासाठी एक विजेचा सॉकेट आणि हात धुवायला नळ असला, तरी बरेच काम भागेल.

जाहिरातींबाबतही एक विसंगती आहे. १९९२ च्या कायद्याने दुधाची पावडर, बाटली आणि शिशुआहार यांच्या जाहिरातीला आपल्याकडे बंदी आहे. पावडरच्या डब्यावर आईचे किंवा बाळाचे चित्रही छापता येत नाही. पंपाचे नाव त्या कायद्यात नाही. पंप हा पावडरसारखा स्तनपानाचा शत्रू नव्हे, हे खरेच. पण त्यामुळे खरेदी करणाऱ्या आईसमोर जाहिरातीखेरीज दुसरी माहिती फारशी येत नाही.

आता निवडीकडे. तुम्ही घरी असाल, बाळ अंगावर पीत असेल, दिवसातून सहा-सात लंगोट ओले करत असेल आणि वजन वाढत असेल, तर पंप लागत नाही. ‘दूध पुरते की नाही ते पंपाने मोजून बघू’ हा विचार तर सोडूनच द्या. पंपात ४० मिलिलिटर आले म्हणजे स्तनात तेवढेच होते, असे नाही. नीट पिणारे बाळ पंपापेक्षा चांगले दूध ओढते. उलट भीतीपोटी पाजून झाल्यावर वर पंप लावत राहिले, तर शरीर मागणी वाढली असे समजून जास्त दूध बनवते, दूध दाटते, गाठी होतात. गाठ आली की पंपाने ‘रिकामे करा’ आणि जोरात चोळा, हा सल्ला अजून घरोघरी दिला जातो. स्तनपानविषयक डॉक्टरांच्या आंतरराष्ट्रीय अकादमीने २०२२ मध्ये आपली मार्गदर्शक तत्त्वे बदलली आणि जादा पंपिंग व जोराचे मालिश दोन्ही टाळायला सांगितले. बाळाच्या भुकेइतकेच पाजा, गार पट्टी ठेवा, ताप आला किंवा दुखणे वाढले तर डॉक्टरांकडे जा.

बाळ कमी दिवसांचे असेल, एनआयसीयूत असेल, तर गोष्ट निराळी. पहिल्या एक-दोन दिवसांचे चिकाचे दूध थेंबांनी येते. ते हातानेच चांगले निघते, पंपात भिंतीलाच चिकटून राहते. पुढे दिवसातून आठ-दहा वेळा काढायचे असेल, तर रुग्णालयातला मोठा, दोन्ही बाजूंचा विजेचा पंप लागतो. इथे ब्रामधल्या छोट्या पंपावर विसंबू नये.

तिसरी स्थिती नोकरीची, आणि पोर्टेबल पंप खरा तिथलाच. विजेच्या पंपाची कल्पना शंभर वर्षांची आहे. एडवर्ड लास्कर या नामांकित बुद्धिबळपटूने, जो पेशाने इंजिनीअर होता, १९२० च्या दशकात असा एक पंप तयार केला होता. ब्रामध्ये मावणारे पंप मात्र अगदी अलीकडचे, साधारण २०१७-१८ पासूनचे. त्यांचा फायदा उघड आहे: गाडीत, टेबलाशी, कुठेही वापरता येतात. उणिवा जाहिरातीत नसतात. मोटर छोटी, त्यामुळे काहींना दूध कमी निघते. स्तनाग्र नीट मध्यभागी बसले आहे का, हे दिसत नाही. कपात साधारण १५० मिलिलिटर मावते, आणि वाकले की सांडू शकते. माझे मत विचाराल तर पहिला आणि एकमेव पंप म्हणून हा घेऊ नये. कमरेला लावता येईल अशी छोटी बॅटरीची मोटर, तिला दोन नळ्या आणि समोर दिसणारे कप, हा मधला प्रकार दिसायला कमी देखणा, पण कामाला जास्त भरवशाचा.

खोक्यावर खेचण्याच्या ताकदीचा मोठा आकडा छापलेला असतो. त्याला भुलू नका. बाळ आधी भरभर, हलके चोखते आणि पान्हा फुटल्यावर सावकाश, खोल ओढते. चांगल्या पंपात हे दोन टप्पे वेगळे असतात आणि ताकद बारीक पायऱ्यांनी बदलता येते. न दुखता सोसेल ती कमाल ताकद तुमची. दुखायला लागले की ऑक्सिटोसिन मागे हटते आणि जास्त ताकदीने कमीच दूध मिळते.

मोटरपेक्षाही महत्त्वाचे आहे ते स्तनावर बसणारे नरसाळे, दुकानात ज्याला फ्लँज म्हणतात. बहुतेक खोक्यांत २४ मिलिमीटरचा येतो आणि बहुतेक जणी तोच वापरत राहतात, जशी एकाच मापाची चप्पल सगळ्यांना घालावी. साध्या पट्टीने स्तनाग्राची बुंध्याशी रुंदी मोजा. भोवतीचा काळसर भाग त्यात धरायचा नाही. नरसाळ्याची नळी त्याहून दोन-चार मिलिमीटर मोठी हवी. लहान पडली तर स्तनाग्र घासून सोलते. मोठी झाली तर काळसर भागही आत ओढला जातो, सूज येते आणि दूध अडते. ‘मला पंप सोसत नाही’ म्हणणाऱ्यांनी आधी हे माप तपासावे. वेगवेगळी मापे सुटी मिळतात का, हे पंप घेण्यापूर्वीच दुकानदाराला विचारा.

त्याच दमात व्हॉल्व्हचेही विचारा. सिलिकॉनचा हा इवलासा तुकडा काही महिन्यांत सैल पडतो आणि ओढ कमी होते. आईला वाटते दूध आटले, घरचे म्हणतात आता वरचे सुरू कर. बिघडलेला असतो तो व्हॉल्व्ह. तो भारतात मिळत नसेल तर महागडा पंप शोभेची वस्तू होतो. कंपनीचाही भरवसा धरता येत नाही: या क्षेत्रात गाजलेली ब्रिटनची एल्व्ही ही कंपनी २०२५ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि तिची प्रतिस्पर्धी, अमेरिकेची विलो, हिने तिचा व्यवसाय विकत घेतला. ज्या पंपाला चालायला अ‍ॅपच लागते, तो घेताना हे ध्यानात असू द्या.

मैत्रिणीचा जुना पंप घ्यावा का? दूध नळीत किंवा मोटरपर्यंत जाऊ शकेल असा खुला पंप असेल तर मुळीच नाही. आत साठलेली बुरशी किंवा जंतू धुऊन जात नाहीत. घरगुती पंप एकाच व्यक्तीसाठी असतो, असे अमेरिकेचे औषध प्रशासनही बजावते. स्वतःसाठी घेतानाही दूध आणि मोटर यांच्यामध्ये पडदा असलेला बंद प्रकारच घ्या.

स्वच्छतेचा मुद्दा कंटाळवाणा वाटतो, पण दुर्लक्ष जिवावर बेतू शकते. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात एका अपुऱ्या दिवसांच्या बाळाला क्रोनोबॅक्टर या जंतूचा गंभीर संसर्ग झाला आणि माग काढता काढता तो पंपापर्यंत पोहोचला. दर वापरानंतर दुधाचा स्पर्श होणारे सगळे भाग सुटे करून, साबणाने, वेगळ्या भांड्यात धुवायचे. ऑफिसच्या सिंकमध्ये थेट टाकायचे नाहीत. बाळ दोन महिन्यांच्या आतले किंवा अशक्त असेल तर दिवसातून एकदा उकळायचे. कपातल्या पंपाला असे चार-पाच तरी तुकडे असतात, त्यामुळे धुवायला सोपा पंप हीसुद्धा एक कसोटी माना.

काढलेले दूध साध्या तापमानाला चार तास टिकते असे वाचनात येते. ते माप २५ अंशांचे आहे. नागपूरच्या मे महिन्याचे किंवा खच्चून भरलेल्या डब्याचे नाही. काढल्याबरोबर फ्रिजमध्ये, आणि प्रवासात बर्फाच्या पिशव्या असलेल्या डब्यात ठेवा. अशा डब्यात ते २४ तास राहते, फ्रिजमध्ये चार दिवस. मायक्रोवेव्ह नको, कोमट पाण्यात भांडे ठेवून गरम करा. आजीने ते वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने पाजले तर बाटलीची गरजच उरत नाही.

दूध जास्त निघाले तर ते विकण्या-विकत घेण्याचा व्यवहार कुणी सुचवेल. मे २०२४ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने मानवी दुधाच्या व्यापाराला परवानगी नाही, असे स्पष्ट केले आहे. दान मात्र करता येते. आशियातली पहिली दुग्धपेढी १९८९ मध्ये मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली, आणि आता इतर शहरांतही अशा पेढ्या आहेत.

ज्यांना ना पगारी रजा आहे ना पंप परवडतो, त्या घरकामगार, बांधकामावरच्या किंवा ऊसतोडीच्या बायांसाठी हाताने दूध काढणे हेच तंत्र आहे. हात धुवायचे, उकळलेली स्टीलची वाटी घ्यायची, अंगठा आणि बोटे काळसर भागाच्या कडेवर ठेवून आधी मागे, छातीकडे दाबायची आणि मग एकमेकांकडे आणायची. कातडीवर घसरवायची नाहीत. प्रसूतीनंतर रुग्णालयातून घरी जाण्यापूर्वी परिचारिकेने दहा मिनिटांत हे शिकवता येते, आणि सात हजारांचा पंप घेतलेल्या आईलाही चार्जिंग संपलेल्या दुपारी तेच उपयोगी पडते.