शेवटचा इशारा : एसएचच्या नावाखाली बॅश चालणार नाही

बिल्ड स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत एसएच लिहायचे आणि खाली सगळा कारभार बॅशचा करायचा, हा प्रकार या प्रकल्पात येत्या एक तारखेपासून बंद. विनवण्या करून झाल्या. आता ही नोटीस.

‘माझ्या मशीनवर चालते’ हे उत्तर यापुढे ऐकून घेतले जाणार नाही. तुमच्याकडे एसएच म्हणजे बॅश असेलही. उबंटूने ती जागा 2006 मध्येच डॅशला दिली, डेबियनने 2011 च्या स्क्वीझपासून. अल्पाइनवर तिथे बिझीबॉक्सचा अ‍ॅश आहे. फ्रीबीएसडीवर तर बॅश वेगळा बसवावा लागतो. आणि मेकफाइलमध्ये शेलचे नाव दिले नाही, तर मेक एसएचलाच बोलावतो.

`[[` दिसले की डॅश निदान कुरकुरतो. खरा घातकी आहे तो `&>`. बॅशला त्यातून कळते की आउटपुट आणि चुका दोन्ही फाइलीत टाकायच्या. डॅश त्याचे दोन तुकडे करतो: आधी कमांड बॅकग्राउंडला सोडून देतो, मग फाइल रिकामी करतो. दुसरे काम बिनबोभाट होते, म्हणून निकाल शून्य, म्हणजे सर्व ठीक! चाचणी मागे नापास होत असते आणि इकडे बिल्ड हिरवे. एखादे साधन मशीनवर आहे का, हे अशा ओळीने तपासलेत तर नसलेले साधनही ‘आहे’ ठरते. बिल्ड पुढे भलत्याच जागी कोसळते आणि शिव्या बिचाऱ्या कंपायलरला. हे सगळे कशासाठी, तर `>फाइल 2>&1` एवढे टंकायचा कंटाळा.

मॅकवाल्यांनी हसू नये. तिथल्या सेडला ‘-आय’नंतर बॅकअपचे जोडनाव द्यावेच लागते, निदान रिकामे तरी. सोबत मिळणारा बॅश 3.2 चा, असोसिएटिव्ह अ‍ॅरे आले 4.0 मध्ये.

आम्हांला बॅशचे वावडे नाही. हवा असेल तर पहिल्या ओळीत उघड लिहा आणि किमान कोणती आवृत्ती लागते तेही सांगा. एसएच लिहिलेत तर पॉसिक्सच्या बाहेर पाऊल नको. पॅच पाठवण्याआधी चेकबॅशिझम्स आणि शेलचेक चालवा, डॅशखाली एकदा पूर्ण बिल्ड करा.

एक तारखेनंतर हे न केलेले पॅच न वाचता परत जातील. आधीच आत असलेल्या स्क्रिप्टांना त्याच महिनाअखेरपर्यंत मुदत आहे. त्यानंतर त्या बिल्डमधून काढल्या जातील, त्यांच्यावर विसंबलेली मॉड्यूल्सही. रिलीज तोंडावर आहे म्हणून मुदतवाढ मागू नये, मिळणार नाही.