ब्रह्मपुरीची मोड

अँग्लो-सॅक्सन काळात इंग्लंडात चांदीची पेनी हे जवळपास एकच नाणं चालायचं. कमी किमतीचं काही घ्यायचं तर तीच कातरायची, अर्धी नाहीतर पाव. असे तुकडे तिथल्या शेतांत अजूनही सापडतात. अर्धी आणि पाव पेनी गोल नाणं म्हणून नियमानं पाडली जाऊ लागली ती १२७९ नंतर.

मोडीचा हा प्रश्न आपल्या कोल्हापुरात त्या तुकड्यांच्या सात-आठशे वर्षं आधीच सुटला होता, आणि तोही कातर न चालवता. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडात १८७७ मध्ये नाण्यांचा मोठा साठा मिळाला. त्यात शिशाची नाणी होती. एका बाजूला धनुष्यबाण, दुसऱ्या बाजूला डोंगर आणि झाड. त्यांवरचे राजे सातवाहनांच्या काळातले, आईच्या नावानं ओळख सांगणारे: वासिठीपुत विळिवायकुर, माढरीपुत सिवलकुर, गोतमिपुत विळिवायकुर. काही नाण्यांवर आधीच्या राजाच्या ठशावरच पुढच्यानं आपला ठसा मारलेला आहे. या राजांचा क्रम अभ्यासकांनी लावला तो त्यावरूनच. मला यात राज्यकर्त्याचं शहाणपण दिसतं. गादीवर कुणीही येवो, लोकांच्या हातातलं नाणं चालत राहिलं पाहिजे.

चांदी तेव्हाही होतीच, पण ती मोठ्या व्यवहारांची. नाशिकच्या लेण्यात क्षत्रप राजाचा जावई उषवदात यानं ३००० कार्षापणांच्या, म्हणजे चांदीच्या नाण्यांच्या, ठेवीचा लेख कोरून ठेवला आहे. ३५ कार्षापणांचा एक सुवर्ण, म्हणजे सोन्याचं नाणं, हा भावही तिथंच मिळतो. अशा नाण्यानं मूठभर मीठ किंवा पणतीपुरतं तेल कोण घेणार? त्यासाठी शिसंच हवं.

हे शिसं यायचं कुठून? पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत भडोचला उतरणाऱ्या मालात तांबं, कथील आणि शिसं आहे. भारतात शिसं नाही, ते लोक रत्नं आणि मोती देऊन घेतात, असं रोमन लेखक प्लिनी लिहितो. राजस्थानातल्या जावरच्या जुन्या खाणी पाहता त्याचं सगळंच खरं धरायला नको. पण समुद्रापलीकडून आलेल्या शिशातलं थोडं घाट चढून आपल्या बाजारात मोड म्हणून फिरलं असेल, हे मला अगदी शक्य वाटतं.

पुढं १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजच्या सांकलिया आणि दीक्षितांनी ब्रह्मपुरीत उत्खनन केलं. याच टेकाडातली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची कांस्यमूर्ती टाउन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात आहे. पाहुणा आला की आपण त्याला ती अभिमानानं दाखवतो, आणि ती आहेच तशी देखणी. पण ती मागवण्याची ऐपत ब्रह्मपुरीत किती घरांची असेल? शिशाचं नाणं मात्र तिथल्या कुंभाराच्या, माळणीच्या, नावाड्याच्याही हातातून गेलं असणार. त्यांचं नाव सांगणारा एकही शिलालेख आपल्याकडं नाही. म्हणून कोल्हापूरचा इतिहास शाळेत शिकवताना मुलांना पोसायडनच्या आधी ही मोड दाखवावी, असं मला मनापासून वाटतं.