खालांची साक्ष



"बेटा, ये कागज जरा पढ के बता." शेजारच्या खाला दारात उभ्या होत्या. हातात कोर्टाचा समन्स. खाला उर्दू शाळेत चौथीपर्यंत शिकलेल्या. मराठीतला सरकारी कागद आला की त्या माझ्याकडे येतात.

तीन वर्षांपूर्वी आमच्या गल्लीच्या तोंडाशी भांडण झालं होतं. बेकरीत काम करणाऱ्या एका पोराचा हात लोखंडी रॉडने मोडला. खाला ओट्यावर तांदूळ निवडत बसल्या होत्या, त्यांनी ते डोळ्यांनी पाहिलं. पोलिसांनी तेव्हा त्यांचा जबाब घेतला होता. आता साक्षीसाठी बोलावणं आलं होतं.

संध्याकाळपर्यंत ही बातमी गल्लीभर झाली. मारणाऱ्या मुलाची आई येऊन रडून गेली. "आपल्याच लोकांचा मामला आहे, 'याद नहीं' म्हणा, झालं," असा सल्ला चारचौघांनी दिला. एकाने तर भीती घातली, "सरकारी वकील म्हणजे पोलिसांचाच माणूस. त्याला हवं तेच तो तुमच्याकडून वदवून घेईल." त्या रात्री खाला झोपल्या नाहीत. सकाळी म्हणाल्या, "तू साथ चल."

मी शाळेतून रजा घेतली आणि आम्ही सिव्हिल लाइन्सच्या न्यायालयात गेलो. कोर्टाच्या दाराशी एका हवालदाराने खालांचं नाव विचारून यादीत खूण केली. याला पैरवीचा हवालदार म्हणतात. कोणत्या खटल्यात आज कोण साक्षीदार आलं, कोणाला समन्स पोहोचला नाही, हे सगळं तो पाहतो. त्यानेच आम्हाला सरकारी वकिलांकडे नेलं. त्या तिशीतल्या एक बाई होत्या. समोर फायलींचा गठ्ठा. त्यांनी खालांचा जुना जबाब काढला, सावकाश वाचून दाखवला आणि म्हणाल्या, "खाला, जे पाहिलं तेवढंच सांगा. जे पाहिलं नाही, ते 'पाहिलं नाही' म्हणा. मला तुमच्याकडून एवढंच हवं आहे."

खाला चपापल्या. कारण त्या जबाबात मारणारे म्हणून दोन मुलांची नावं होती. खालांनी एकालाच मारताना पाहिलं होतं. दुसरं नाव कसं आलं, त्यांना ठाऊक नव्हतं.

साक्ष सुरू झाली. खालांनी रॉड कोणी मारला ते स्पष्ट सांगितलं, त्या मुलाकडे बोटही दाखवलं. दुसऱ्याबद्दल विचारल्यावर म्हणाल्या, "भीड थी. उसको मारते मैंने नहीं देखा." मला वाटलं, आता सरकारी वकील रागावतील. त्यांनी प्रश्न एकदा पुन्हा विचारला, तेच उत्तर आलं, ते नोंदवलं गेलं आणि त्या खाली बसल्या. मग आरोपीच्या वकिलांनी उलटतपासणी घेतली. खाला डगमगल्या नाहीत.

खटल्याचा निकाल अजून लागायचा आहे. पण त्या दिवशी मला कळलं, की या पदाबद्दल आपल्या घरांमध्ये किती गैरसमज आहेत.

पहिला गैरसमज, सरकारी वकील पोलिसांचा माणूस. एके काळी यात थोडंफार तथ्य होतं. आपल्या राज्यात खालच्या फौजदारी न्यायालयांतले हे वकील पोलीस खात्याच्या ताब्यात असत. महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये सांगितलं, की त्यांना पोलीस खात्यापासून वेगळं करा. आज त्यांचं स्वतंत्र अभियोग संचालनालय आहे. तपास पोलिसांनी करायचा आणि तो पुरावा न्यायालयापुढे मांडायचं काम सरकारी वकिलांनी करायचं. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयात 'सहायक सरकारी अभियोक्ता' असतात. खून, दरोडा असे मोठे गुन्हे सत्र न्यायालयात चालतात. तिथे किमान सात वर्षं वकिली केलेल्यांमधून सरकारी अभियोक्ता नेमले जातात.

दुसरा गैरसमज, त्यांचं काम म्हणजे शिक्षा मिळवणं. आपल्या न्यायालयांनी अनेकदा बजावलं आहे, की सरकारी वकील हा न्यायालयाला सत्यापर्यंत पोहोचायला मदत करणारा अधिकारी आहे. आरोपीच्या बाजूचा पुरावा त्याने दडवायचा नसतो.

तसं झालं नाही, तपासातला आणि पुराव्यातला कच्चेपणा वेळीच पकडला गेला नाही, तर काय होतं? जुलै २०२५ आठवा. ११ जुलै २००६ च्या मुंबई लोकल बॉम्बस्फोट खटल्यात विशेष न्यायालयाने २०१५ मध्ये बारा जणांना दोषी ठरवलं होतं, त्यातल्या पाच जणांना फाशी सुनावली होती. २१ जुलै २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने त्या सर्वांना निर्दोष ठरवलं. अभियोग पक्ष आरोप सिद्ध करण्यात पूर्णपणे अपयशी ठरला, असं निकालात म्हटलं. त्यातला एक जण हा दिवस पाहायला उरला नव्हता. तो २०२१ मध्ये आपल्या नागपूरच्या कारागृहात असतानाच कोरोनाने वारला. पुढे सर्वोच्च न्यायालयाने या निकालाचा दाखला इतर खटल्यांत देण्यावर स्थगिती आणली, पण सुटलेल्यांना परत तुरुंगात जायला सांगितलं नाही.

त्यानंतर दहाच दिवसांनी, ३१ जुलैला, मालेगावच्या २००८ च्या बॉम्बस्फोटाचा निकाल लागला. सहा माणसं गेली होती. सातही आरोपी सुटले, पुरावा पुरेसा नाही म्हणून. याच खटल्यातल्या विशेष सरकारी वकील रोहिणी सालियन यांनी २०१५ मध्ये जाहीरपणे सांगितलं होतं, की आरोपींबाबत नरमाईने घ्या असा निरोप आपल्याला तपास यंत्रणेकडून आला. यंत्रणेने ते नाकारलं.

दोन्ही खटले शेजारी ठेवून पाहा. एकात माणसांची एकोणीस वर्षं तुरुंगात गेली. दोन्हींत मेलेल्यांच्या घरच्यांना आपल्या माणसाला कोणी मारलं याचं उत्तर मिळालं नाही. अभियोगाचं काम बिघडलं की निरपराधही भरडला जातो आणि पीडितही. म्हणून हे पद प्रामाणिक आणि निर्भय माणसाच्या हाती असणं, हे जितकं फिर्यादीच्या हिताचं तितकंच आरोपीच्या.

पण सरकारी वकील कितीही चांगला असला, तरी त्याच्या हातात असतं काय? साक्षीदाराचे शब्द. साक्षीदारच फितूर झाला तर तो काय करणार? आणि इथे बोट आपल्याकडे वळतं. सूरह निसाच्या १३५ व्या आयतीत अल्लाहने ईमानवाल्यांना न्यायावर ठाम राहायला सांगितलं आहे, मग ती साक्ष स्वतःच्या, आईवडिलांच्या किंवा नातेवाइकांच्या विरोधात का जाईना. सूरह माइदाच्या आठव्या आयतीत दुसरी बाजू आहे. एखाद्या गटाशी वैर आहे म्हणून त्याच्यावर अन्याय करू नका. खालांनी त्या दिवशी दोन्ही पाळलं. ओळखीच्या मुलाला वाचवायला खोटं बोलल्या नाहीत आणि कागदावर नाव आहे म्हणून दुसऱ्याला अडकवलंही नाही. सूरह बकरामध्ये साक्ष लपवू नका असंही सांगितलं आहे. 'याद नहीं' म्हणणं हेही लपवणंच.

काही गोष्टी घरात सर्वांना माहीत असाव्यात. सरकारी वकिलाची फी शासन देतं, फिर्यादीने किंवा साक्षीदाराने एक रुपयाही द्यायचा नसतो. कोणी बाहेर गाठून 'साहेबांना द्यावे लागतील' म्हणालं, तर देऊ नका. पीडिताला हवं असल्यास सरकारी वकिलांच्या मदतीला स्वतःचा वकील लावता येतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार, सरकारने खटला मागे घ्यायचं ठरवलं तर न्यायालयाने आधी पीडिताचं म्हणणं ऐकलं पाहिजे. आणि साक्षीदाराला धमक्या येत असतील, तर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मंजूर केलेल्या योजनेखाली संरक्षण मागता येतं. त्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात समिती असते. जिल्हा न्यायाधीश तिचे अध्यक्ष आणि जिल्ह्यातल्या अभियोग विभागाचे प्रमुख तिचे सदस्य सचिव. समन्स आला की घाबरून घर बदलू नका. त्या दिवशी थोडं लवकर जा, सरकारी वकिलांना भेटा आणि आपला जबाब नीट ऐकून घ्या. त्यात जे तुम्ही सांगितलेलं नाही, ते तिथेच सांगा.

परतताना रिक्षात खाला गप्प होत्या. घर आल्यावर एवढंच म्हणाल्या, "दिल हल्का हुआ." मारणाऱ्या मुलाची आई अजून त्यांच्याशी बोलत नाही. ईदला खालांनी शीरखुर्म्याचा डबा पाठवला, तो तसाच परत आला. खऱ्या साक्षीची किंमत द्यावी लागते, हे मी लपवणार नाही.

पण त्याच आठवड्यात खालांची नववीतली नात वही घेऊन आली आणि विचारू लागली, "टीचर, त्या बाईंसारखं वकील व्हायला काय करावं लागतं?" मी सांगितलं, आधी कायद्याची पदवी, मग काही वर्षं वकिली, मग महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची परीक्षा. तिची अम्मी मागून म्हणाली, "लोकांना जेलात टाकण्याचं काम?" मी काही बोलायच्या आत खालाच म्हणाल्या, "नहीं बहू. सच लिखवाने का काम है."

आपल्या मुलींनी, मुलांनी आरोपीचा वकील जरूर व्हावं. पण त्या दुसऱ्या टेबलाजवळच्या खुर्चीवरही त्यांनी बसावं. अल्लाह आपल्याला खरं बोलण्याची आणि खरं ऐकण्याची तौफीक देवो. आमीन.